पाळण्याचा नियम

नियम झाला तो हसण्यावारी. घटनासभेचा तिसरा आठवडा होता. आदल्या दिवशी झेंड्याच्या रंगावरून दोन पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती, त्यामुळे सगळ्यांनाच हसायला काहीतरी हवं होतं. ते सुईणबाईच्या बबडीनं पुरवलं.

सुईणबाई म्हणजे सुइणी आणि परिचारिकांच्या संघातून निवडून आलेली सभासद. वय सत्तावीस. तिचं खरं नाव खुर्चीच्या पाठीवर रंगवलेलं होतं, पण पहिल्याच दिवशी समोरच्या बाकावरून कुणीतरी "जरा सुईणबाईंना बोलू द्या" म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. निवडून आली तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती आणि नवरा जाऊन पाच महिने झाले होते. सभा भरली तेव्हा बबडी दहा आठवड्यांची. दर दोन-अडीच तासांनी तिला भूक लागायची, आणि ती भूक काही सभेची कार्यक्रमपत्रिका बघून लागत नसे.

खालच्या मजल्यावर दप्तरखाना होता. जुने नकाशे, लाल फितीत बांधलेले गठ्ठे, कागदाचा कुबट वास. सफाईचं काम करणारी ताई तिथं बबडीला सांभाळायची. सभागृहाच्या सुतारानं सुईणीसाठी एका खुर्चीचा डावा हात कापून दिला होता, पाजताना कोपर मोकळं राहावं म्हणून. "तीन लेकरं झालीत बायकोला," एवढंच तो म्हणाला होता. त्या खुर्चीवर बसून सुईण पाजायची आणि वरून टाळ्या पडल्या की आढ्याकडे बघून अंदाज बांधायची, कोण जिंकलं असेल.

तर त्या तिसऱ्या आठवड्यात बबडी पिता पिता झोपली. ओठ उघडे, गालावर दुधाचा थेंब. सुईण तिच्याकडे बघत बसली, जरा जास्तच बसली, आणि तेवढ्यात वरती तिची दुरुस्ती बाद झाली. सभेचा नियमच होता तसा: दुरुस्ती पुकारली की मांडणारा जागेवर हवा, नसला तर बाद.

तेव्हा मावशी उभी राहिली.

मावशी ही सुईणीच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर सहा वर्षांच्या पोरीला तिनंच वाढवलं. तीस वर्षं शाळेत हेडबाई होती, आणि सभेतल्या अकरा बायकांची ती पुढारी, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. ती उभी राहिली की माणसं नकळत हातातली पेन्सिल खाली ठेवत.

"अध्यक्षसाहेब," मावशी म्हणाली, "आपण इथं अख्खा देश जन्माला घालायला बसलोय. आणि आधीच जन्मलेल्या एका पोरीला दूध पाजायला वेळ नाही म्हणता?"

तिनं तोडगाही सुचवला. प्रत्येक दुरुस्तीवर मांडणाऱ्याखाली अनुमोदकाची सही असतेच. मांडणारा बाहेर असेल तर त्याचं सगळं काम अनुमोदकानं करावं.

"सगळं म्हणजे?" समोरच्या गटातले वकीलसाहेब खोकत खोकत म्हणाले. "अनुमोदकानं दूधही पाजायचं का?"

"तुम्हाला खोकल्यातून सवड मिळाली तर तेही शिकवू हो!"

सभागृह खदखदून हसलं. नियम आवाजी मतदानानं मंजूर झाला आणि त्याचं नाव पडलं पाळण्याचा नियम. संध्याकाळी सभेचे कारकून मसुदा घेऊन सुईणीकडे आले. चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "दुरुस्ती मांडणं, बदलणं, मागं घेणं, असं तिन्ही लिहिलंय. मागं घ्यायची झाली तर तुमची वेगळी चिठ्ठी लागेल, असं घालू का?"

बबडी तिच्या खांद्यावर ढेकर द्यायची राहिली होती. पाठीवर थोपटत सुईण म्हणाली, "कशाला चिठ्ठ्याबिठ्ठ्या? सगळंच द्या. मावशीच तर आहे."

कारकुनांनी तिन्ही तसंच ठेवलं.

*

मग आलं आईच्या पालकत्वाचं कलम.

जुना कायदा असा होता की मुलाचा पालक बाप. बाप नसेल तर बापाचा मोठा भाऊ, तोही नसेल तर धाकटा चुलता. आईचं नाव त्या उतरंडीत कुठंच नव्हतं. सुईणीनं चारशेच्या वर बाळंतपणं केली होती. बाळ पुसून, गुंडाळून आईच्या छातीवर ठेवायचं हे तिचं काम. त्यातली पाच बाळं पुढं त्याच छातीवरून कायद्यानं उचलून नेलेली तिला ठाऊक होती. एकीनं तर तिलाच विचारलं होतं, "तुम्ही माझ्या हातात दिलंत ना हो, मग ते माझं नव्हतं का?" तिची दुरुस्ती एका ओळीची होती: आई ही आपल्या मुलाची बापाच्या बरोबरीची पालक आहे आणि बापामागं एकटी पालक आहे. खाली मांडणारी म्हणून तिची सही, अनुमोदक म्हणून मावशीची.

आणि सहावी बबडी ठरायची वेळ होती.

मोठे दीर लाकडाच्या वखारीचे मालक. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. आला की बबडीसाठी खुळखुळा आणायचा, दारात चपला काढून अदबीनं बसायचा. "आमच्या घरात वाढू दे तिला," म्हणायचा. "तू कामाची बाई. आज सभा, उद्या कुठं कुणाचं बाळंतपण. पोरीचे हाल कशाला? धाकट्याची एवढीच खूण राहिलीय आमच्याकडं."

"माझ्याकडं पण एवढीच आहे, दादा."

"तुला भेटायला कोण अडवतंय? दर रविवारी ये की." मग जाताना उंबऱ्यात थांबून म्हणायचा, "मी घाई करत नाही. कायदा तर माझ्याच बाजूनं आहे. पण तुमची सभा काय ठरवते ते बघू, मग बोलू."

ते गेले की सुईण दाराला पाठ लावून उभी राहायची. मावशी तिच्या हातातून बबडीला घ्यायची, मांडीवर उताणी टाकून तिच्या पोटावर नाक घासायची. बबडी खिदळायची. सुईण आणि बबडी मावशीच्याच घरी राहत होत्या, वरच्या खोलीत. बबडीनं पहिलं हसू मावशीला दिलं होतं, त्यावरून सुईण खोटं खोटं रुसलीही होती.

"घाबरू नको," मावशी म्हणायची. "मी आहे ना."

कलमाच्या दिवशी सुईणीनं भाषणाचा कागद चार वेळा वाचला. मतं मोजली होती, घासून-पुसून का होईना पण जुळत होती. अकरा बायका, शिक्षकांचा गट, गोदीकामगारांचे सहा जण. साडेदहाला खालून ताईचा निरोप आला: पोरगी हात चोखतेय.

"जा तू," मावशी पुटपुटली. तिनं कार्यक्रमपत्रिका पुढं सरकवून बोट ठेवलं. "आधी बंदरांचं कलम आहे, मग टपालाचं. आपला नंबर यायला तास तरी आहे. पोटभर पाज. रडकं पोर मागं ठेवून भाषण करू नये."

सुईण उतरली. दप्तरखान्याच्या बाहेर एक बाक होतं, तिथं वकीलसाहेब बसले होते. सभागृहात सारखे खोकायला लागले की लोक वळून बघतात म्हणून ते खाली येऊन खोकत. सुईणीच्या कलमाला त्यांचा उघड विरोध होता, ते तोंडावर सांगत. तरी महिनाभर त्या दाराच्या अलीकडून-पलीकडून दोघांच्या गप्पा चालत. ओव्याची वाफ घ्या म्हणून तिनं त्यांना सांगितलं होतं, आणि फरक पडला तरी कबूल करायला ते तयार नव्हते.

आज ते बोलले नाहीत. ती आत गेली, डावा हात कापलेल्या खुर्चीवर बसली, बबडीला पदराखाली घेतलं. पाच-सात मिनिटं झाली असतील. दारावर बोटानं टकटक झाली.

"सुईणबाई," बाहेरून वकीलसाहेबांचा आवाज. "आज जरा लौकर आटपा."

"का हो?"

थोडा वेळ नुसता खोकला. "काही नाही. वर जाऊन बसा, एवढंच म्हणतो."

तिला हसू आलं. म्हातारा डाव टाकतोय, तिला वाटलं. पोरीला अर्धपोटी ठेवायची, ती खाली दप्तरखान्याचं आढं फोडून रडणार आणि वर आईचं भाषण बोंबलणार. "वकीलसाहेब, तुम्ही तुमच्या गटाचं बघा," ती आतून म्हणाली. "माझं बघायला माझं माणूस वर बसलंय."

बाहेर पुन्हा खोकला सुरू झाला. तिनं बबडीला दुसऱ्या बाजूला घेतलं. निवांत पाजलं, ढेकर काढली, दुपटं बदललं. मुद्दाम सावकाश.

वर गेली तेव्हा टपालावर चर्चा चालू होती. ती जागेवर बसली, भाषणाचा कागद उलगडला. शेजारची शिक्षकांच्या गटातली बाई तिच्याकडे वळून म्हणाली, "शेवटी मन घट्ट केलंत तर."

"कशाचं?"

बाईनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्यापलीकडं मावशीकडं, आणि पटकन पुढं वळून बसली. मावशी समोर बघत होती. हातात पेन्सिल होती आणि ती काहीच लिहीत नव्हती.

"मावशी?"

"घरी बोलू."

"मावशी, माझं कलम?"

"घरी बोलू म्हटलं ना."

मधल्या सुटीत तिनं कारकुनांना गाठलं. त्यांनी एक चिठ्ठी दाखवली. कलम आधी घ्यावं अशी विनंती होती, वेळ दहा चाळीस, आणि खाली: दुरुस्ती मागं घेतली. अक्षर ओळखायला तिला वाचायचीही गरज नव्हती. तेच अक्षर गिरवून ती लिहायला शिकली होती.

*

संध्याकाळी घरी आल्यावर मावशी स्वयंपाकघरात पाणी प्यायली, भांडं पालथं घातलं, मग बोलली. सौदा साधा होता. नव्या घटनेत बाईला मत होतं खरं, पण तिच्या नावावर घर किंवा जमीन असेल तरच. म्हणजे शंभरातल्या चौघींना. ती अट काढून टाकायला समोरचा गट तयार झाला होता. बदल्यात पालकत्वाचं कलम मतदानाला यायचं नाही.

"शंभरातल्या शंभर, कळतंय का?" मावशी म्हणाली. "तुझी ताई, तुझ्या सगळ्या बाळंतिणी. एकदा मत हातात आलं की पालकत्व काय, सगळं आणता येईल. पाच वर्षांत, दहा वर्षांत. आज हातचं सोडून दोन्ही घालवायचं होतं का?"

"दहा वर्षांत बबडी दहा वर्षांची होईल."

"एका पोरीसाठी सगळ्यांच्या पोरी—"

"ते मला सांगू नको. चारशे पोरं काढलीत मी या हातांनी." तिचा आवाज चढला तशी वरच्या खोलीत बबडी चाळवली, म्हणून तिनं तो खाली आणला, आणि खाली आणल्यावर तो कापायला लागला. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग ते 'नाही' माझं होतं ना? ते तरी मला म्हणू द्यायचंस."

मावशीनं पदराला हात पुसले. मग जवळ येऊन तिनं सुईणीच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायला ठेवायची तसा. "मला काय सोपं गेलं का गं?"

"तुझ्यासाठी चिठ्ठीची अटही नको म्हणाले होते मी," सुईण म्हणाली. "लोक केसानं गळा कापतात म्हणतात. तू तर मी पोरीला पाजत असताना कापलास."

हात तिनं झटकला नाही. नुसती बाजूला झाली आणि तो हात तिथंच हवेत राहिला.

खरं सांगायचं तर त्या रात्री तिनं मावशीला अर्धी माफीही देऊन टाकली होती. शंभरातल्या शंभर. ती कूस बदलत राहिली आणि ज्यांना ती ओळखत होती त्या बायका एकेक करून मतपेटीपुढं उभ्या करत राहिली. बायका काही केल्या संपेनात. त्यांच्यापुढं एकट्या बबडीला उभं करायला तिची तिलाच लाज वाटायला लागली. पहाटे बबडीनं तिचं बोट मुठीत धरलं तेव्हा ती लाज गेली आणि नुसती भीती उरली.

पण खरा घाव पुढं बसला.

*

तिसऱ्या दिवशी कारकून इतिवृत्ताची कच्ची वही घेऊन आले. सभासदांनी आपापलं वाचायचं, चूक असेल तर दुरुस्त करून सही करायची. सुईणीनं आपलं पान काढलं. लिहिलं होतं: 'मांडणाऱ्या सभासदांच्या संमतीने दुरुस्ती मागे घेण्यात आली.'

"हे कुणी सांगितलं? संमती?"

"हेडबाईंनी तसं म्हटलं सभागृहात," कारकून हळू आवाजात म्हणाले. "मी ऐकलं ते लिहिलं."

त्याच सकाळी मोठ्या दिरांची नोटीस आली होती. बरोबर अदबशीर पत्र. 'तू स्वतःच कलम सोडलंस हे ऐकून बरं वाटलं. तुलाही मनातून पटलेलं दिसतंय. आमचे वकील म्हणतात, तुझी संमती सभेच्या वहीत आहे म्हटल्यावर कोर्टात वेळ जाणार नाही.'

"खोडा ते," ती म्हणाली. "माझ्या गैरहजेरीत, मला न विचारता, असं लिहा."

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. "कलम मागं घेतलं ते नियमातच आहे, ते काही फिरणार नाही. शब्द फिरवता येईल. पण पाळण्याच्या नियमानं झालेली नोंद म्हणजे दोघींची मानतात. दोघींच्या सह्या लागतील." जरा थांबून ते म्हणाले, "वही परवा बंद होते, बाई."

ती वही छातीशी धरून मावशीच्या खोलीत गेली. मावशीनं वाचलं, दिरांचं पत्रही वाचलं. पत्राच्या शेवटी तिचे डोळे भरले, हे सुईणीनं बघितलं.

"एक सही, मावशी. कलम परत मागत नाही मी. तुझा सौदा तुला लखलाभ. नुसतं खरं काय झालं ते लिहू दे."

"आज नको."

"का?"

"'मला न विचारता' असं छापून आलं की समोरचे कडवे लोक म्हणतील, फसवून घेतलेली माघार आम्ही धरत नाही, सौदा मोडला. मतदानाचं कलम नऊ दिवसांवर आलंय. तेवढं होऊ दे गं."

"नऊ दिवसांनी वही बंद झालेली असेल."

"मग कोर्टात येऊन सांगीन मी. माझ्या तोंडानं सांगीन. बबडीची शप्पथ."

सुईणीनं वही तशीच परत केली. बबडीची शप्पथ म्हटल्यावर पुढं काय बोलायचं असतं?

मतदानाचं कलम झालं त्या दिवशी सुईणीनंही हात वर केला. खालच्या खोलीत असूनही ताईनं आधी ओरडा ऐकला आणि बबडीला कडेवर घेऊन जिन्यातून धावत वर आली. रस्त्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मावशीला त्यांनी उचलून घेतलं. तिची एक चप्पल गर्दीत कुठं गेली ते सापडलीच नाही. सुईणीच्या बाळंतिणींपैकी दोघी येऊन तिला म्हणाल्या, "तुमच्या मावशींनी सोनं केलं हो!" आणि ती हसली, कारण ते खरंच होतं.

कोर्टाची तारीख त्यानंतर चार दिवसांनी. आदल्या संध्याकाळी मावशी आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसली होती. पहिल्या पानावर तिचाच फोटो होता. नव्या सरकारात शिक्षणाचं खातं तिच्याकडे येणार, असं आत छापलं होतं.

"उद्या दहाला निघू," सुईण म्हणाली.

मावशीनं वर्तमानपत्राची घडी घातली. परत उलगडली. परत घातली. "मी काय म्हणते, थोडं लांबणीवर नाही का टाकता येणार?"

"काय?"

"तारीख गं. महिना-दोन महिने. आत्ताच नाव आलंय. मी कोर्टात उभं राहून सांगायचं की भाचीला फसवून कलम मागं घेतलं, सभागृहात खोटं बोलले... लोक काय म्हणतील? मला शाळा मागायच्यात, मुलींच्या शाळा. खात्यात गेले तर किती काय करता येईल."

"कलम झालं की येते म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण तेव्हा हे खात्याचं नव्हतं."

सुईण तिच्याकडे बघत राहिली. पहिल्या वेळी मावशीनं तिला विकलं ते शंभरातल्या शंभर बायकांसाठी, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. ते समजावणं तिनं जपून ठेवलं होतं, पोराचं दुपटं ठेवावं तसं घडी घालून. आता त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

"शप्पथ बबडीची होती," ती एवढंच म्हणाली.

"तिला काही होणार नाही. मी कधी तिचं वाईट—"

"मावशी, उद्या तिला नेतील."

मावशीनं मान खाली घातली. सुईण वर गेली, बबडीचे कपडे एका पिशवीत भरले, स्वतःचे दुसऱ्या. तासाभरानं दोन्ही पिशव्या आणि पोर घेऊन जिना उतरली तेव्हा मावशी तिथंच, तशीच बसलेली होती. तिनं अडवलं नाही. अडवलं असतं तर सुईण थांबली असती का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ताईच्या एका खोलीत त्या रात्री सहा माणसं झोपली.

*

कोर्टाच्या व्हरांड्यात ओळखीचा खोकला आला. वकीलसाहेब काठी टेकत जिना चढत होते.

"तुम्ही इकडं कुठं?"

"साक्ष द्यायला. दुसरं काय, ओव्याची वाफ घ्यायला?"

"दादांकडून?" तिनं विचारलं.

"कलमाच्या विरोधात मी होतो, अजून आहे," वकीलसाहेब म्हणाले. "घरात दोन मालक झाले की भांडणंच होणार, असं माझं मत. पण त्या दिवशी बाकावर मी होतो आणि दारापलीकडं तुम्ही. ते मत नाही, ते मी बघितलंय." ते दम खाऊन पुढं म्हणाले, "तुम्हाला त्या दिवशी नीट सांगायला हवं होतं. आमच्या गटात गुप्ततेचं बंधन होतं. अर्धंच सांगितलं, आणि अर्धं सांगणं म्हणजे न सांगण्यापेक्षा वाईट."

"मी तरी कुठं ऐकलं? मला वाटलं, तुम्ही डाव टाकताय."

"मी समोरच्या बाकावरचा. वाटणारच."

त्यांनी साक्ष दिली. दिरांच्या वकिलानं विचारलं, "बाई आत होत्या हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?" तर म्हणाले, "नाही, दार बंद होतं. पण पोरगी ढेकर देते ती मी बाहेरून ऐकली. दहा चाळीसनंतर." कोर्टात थोडं हसू पिकलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी वहीतली संमती बाजूला ठेवली. पण कायद्याच्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "बाई, सभेनं जे कलम केलंच नाही, ते मी इथं बसून कसं करू? पालक काका. मूल लहान आहे, सात वर्षं पूर्ण होईपर्यंत आईजवळ राहील. त्यानंतर काकांच्या ताब्यात."

सात वर्षं. बाहेर आल्यावर मोठे दीर म्हणाले, "बघ, मीही काही दुष्ट नाही," आणि बबडीच्या हातात खुळखुळा दिला. बबडीनं तो लगेच तोंडात घातला.

घटनेवर सह्या व्हायच्या दिवशी सभागृहाच्या भिंतींना नवा रंग लागला होता. त्याचा वास अजून गेला नव्हता. सुईणीनं बबडीला खाली ठेवलं नाही, वरच आणलं. कुणी हरकत घेतली नाही. मोठं पुस्तक मधल्या टेबलावर उघडं होतं. नाव पुकारलं की पुढं जायचं, सही करायची, परत यायचं. सुईणीचं नाव आलं तेव्हा ती गेली. मतदानाचं पान तिनं आधी उलटून बघितलं, ते तिथं होतं. मग शेवटच्या पानावर सही केली. ती करायची नाही असं तिनं दोन दिवस ठरवलं होतं, पण ताई दारात उभी राहून बघत होती. तिचं मत त्या पुस्तकात होतं.

वळली तर समोर मावशी. पुढचं नाव तिचंच होतं. तीन आठवड्यांत त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मावशी थकलेली दिसत होती, केस नीट विंचरलेले नव्हते, हे सुईणीच्या लक्षात आलं. राग होता तरी आलं.

बबडीनं तिला बघितलं. बबडीला काय ठाऊक, वही म्हणजे काय आणि शप्पथ म्हणजे काय. ती आनंदानं किंचाळली, दोन्ही हात पसरले आणि मावशीच्या अंगावर झेपावली, अख्खी, नेहमीसारखी, खाली पडायची भीती न बाळगता. मावशीचे हात आपोआप पुढं आले.

सुईणीनं पोरीला कमरेतून आवळून धरलं. बबडी अर्धी बाहेर लोंबकळली, मग रडायला लागली, आई का सोडत नाही ते तिला कळेना. सगळं सभागृह बघत होतं. मावशी हात पसरून उभी होती, आणि अध्यक्षांनी दुसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं.

"जा," सुईण म्हणाली. "तुझी सही राहिलीय."

आणि रडणाऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन, पाठीवर थोपटत, ती जागेवर जाऊन बसली.